देशाटनाची यादी

मे महिन्याची सुट्टी जवळ येऊं लागली म्हणजे मध्यमवर्गीय घरांतून रात्रीच्या जेवणानंतर एक लहानसें मंत्रिमंडळ भरूं लागतें. नकाशा उलगडला जातो, शिल्लक रजेचे दिवस बोटांवर मोजले जातात, खर्चाचा अंदाज होतो आणि "यंदा कोठें जावें?" हा प्रश्न सर्वांपुढें येतो. मुलांना बर्फ पाहावयाचा असतो; गृहिणीच्या मनांत रामेश्वर असतें; घरच्या कर्त्या पुरुषास एखादा किल्ला किंवा लेणें खुणावीत असतें; आणि वडील माणसें, आपलें कोण ऐकतो अशा समजुतीनें, बहुधा गप्प बसतात. देश केवढा अवाढव्य आहे याची खरी जाणीव शाळेंतल्या भूगोलानें होत नाहीं, ती या वेळीं होते. दक्षिणोत्तर सुमारें ३,२०० किलोमीटर आणि पूर्वपश्चिम सुमारें २,९०० किलोमीटर पसरलेला हा भूभाग. त्यांत वाळवंट आहे, हिमशिखरें आहेत, सुंदरबनासारखें पाण्यांत उभें असलेलें अरण्य आहे, आणि हातीं दिवस काय ते पंधरावीस! तेव्हां प्रवासाची यादी करणें म्हणजे कांहीं ठिकाणें घेणें एवढेंच नव्हे. घेतलेल्या एका ठिकाणामागें शंभर ठिकाणें सोडणें, हाच तिचा खरा अर्थ होय.

ही अडचण आजची नव्हे. या देशांतून फिरलेल्या प्रत्येक पिढीला ती पडलेली आहे, आणि प्रत्येक पिढीनें आपापल्या परीनें तिचा निकाल लावलेला आहे. आम्हांस असें वाटतें कीं, कोणत्या काळच्या मनुष्यानें काय पाहिलें यापेक्षां त्यानें काय पाहावयाचें ठरविलें होतें, आणि त्यापायीं काय पाहावयाचें राहून गेलें, हें तपासलें असतां त्या काळाविषयीं अधिक कळतें. प्रस्तुत लेखांत अशा कांहीं जुन्या याद्या वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आपल्याकडील देशाटनाची मोठी आणि जुनी यादी महाभारताच्या वनपर्वांत सांपडते. अर्जुन अस्त्रांच्या शोधार्थ गेलेला, उरलेले पांडव त्याच्या विरहानें काम्यकवनांत खिन्न होऊन बसलेले, अशा वेळीं नारद येऊन पुलस्त्यानें भीष्मास सांगितलेली तीर्थांची मालिका युधिष्ठिरास ऐकवितात. पुढें धौम्य ऋषि तीच सामग्री पूर्व, दक्षिण, पश्चिम आणि उत्तर अशा दिशांच्या क्रमानें लावून देतात. या प्रकरणांतील दोन गोष्टी आम्हांस विशेष मननीय वाटतात. पहिली ही कीं, यज्ञ करणें राजांस व धनिकांस परवडतें, दरिद्री मनुष्यानें तेंच पुण्य तीर्थाटनानें मिळवावें, असें तेथें स्पष्ट प्रतिपादन आहे. म्हणजे यादीचा जन्मच मुळीं ज्याच्याजवळ पैसा नाहीं त्याच्या सोयीसाठीं झाला! दुसरी गोष्ट अशी कीं, निघतेवेळीं लोमश ऋषि धर्मराजास परिवार हलका करावयास सांगतात; आणि मग ज्यांस तहानभूक व श्रम सोसवत नाहींत, ज्यांस मिष्टान्नाची आणि आयत्या अन्नाची आवड आहे, अशा मंडळीस धर्मराज मोठ्या सौजन्यानें परत पाठवितो. प्रवासांत बरोबर कोण असावें, हा प्रश्न कोठें जावें याइतकाच जुना आहे, हें यावरून दिसतें. त्या यात्रेंत नैमिष, प्रयाग, गया आहेत, गंगासागर आहे, कलिंग आहे, गोदावरी आहे, आणि आमच्या कोंकणच्या किनाऱ्यावरील शूर्पारक, म्हणजे आजचें सोपारेंहि आहे. या यादीनें आसेतुहिमाचल देश एका धाग्यांत ओवला. परंतु तो धागा पाण्याचा आणि पुण्याचा होता. जेथें नदी, संगम, कुंड किंवा देवालय नव्हतें, तें गांव कितीहि संपन्न असलें तरी त्या नकाशावर चढलें नाहीं.

यानंतरची मोठी यादी परक्यांची. इसवी सन ३९९ मध्यें फाहियान नांवाचा चिनी भिक्षु चांगआन नगरांतून निघाला. त्याचा हेतु एकच होता. बौद्ध भिक्षूंच्या आचाराचे नियम सांगणारे विनयग्रंथ चीनमध्यें अपुऱ्या व विस्कळित स्थितींत होते. ते शुद्ध स्वरूपांत मिळवावयाचे. बरोबर निघालेल्यांपैकीं कोणी वाटेंतल्या बर्फांत मेला, कोणी परत फिरला, एक तर पाटलीपुत्र पाहून तेथेंच राहिला. फाहियान मात्र पाटलीपुत्रांत तीन वर्षें भाषा शिकत व ग्रंथ उतरवीत बसला, ताम्रलिप्तीस दोन वर्षें व सिंहलद्वीपांत दोन वर्षें राहिला, आणि इसवी सन ४१२ मध्यें समुद्रमार्गानें स्वदेशीं पोंचला. या काळीं उत्तर हिंदुस्थानांत दुसरा चंद्रगुप्त राज्य करीत होता. ज्या काळास पुढील इतिहासकारांनीं सुवर्णयुग म्हटलें, त्या काळच्या सम्राटाचें नांवदेखील या यात्रिकानें लिहून ठेवलें नाहीं! तो राजा पाहावयास आलाच नव्हता.

परंतु फाहियानाच्या ग्रंथांतील आमच्या अंतःकरणास भिडणारा भाग निराळाच आहे. दक्षिण नांवाचा एक देश आहे, तेथें मोठा डोंगर खोदून पांच मजल्यांचा विहार केलेला आहे, सर्वांत खालचा मजला हत्तीच्या आकाराचा व सर्वांत वरचा कबुतराच्या आकाराचा, असें ऐकीव वर्णन त्यानें दिलें आहे. त्या देशाच्या वाटा बिकट असून जाणारानें तेथील राजास द्रव्य व वस्तु नजर केल्या म्हणजे राजा वाटाडे देतो, असेंहि तो सांगतो. आणि मग सरळ कबूल करतो कीं, आपणास तेथें जातां आलें नाहीं. तद्देशीय लोकांकडून जें कळलें तें लिहिलें आहे. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर तेव्हां कार्लें, भाजें, नाशिक, कान्हेरी अशीं लेणीं शतकानुशतकें उभीं होतीं. ती सर्व सृष्टि त्याच्या यादीबाहेर राहिली. पण राहिली हें त्यानें लपविलें नाहीं. प्रवासवर्णनें लिहिणारांमध्यें हा गुण फार दुर्मिळ आहे.

सुमारें सव्वादोनशें वर्षांनीं ह्युएनत्संग आला. देशाबाहेर जाण्यास बंदी असतां तो गुप्तपणें निघाला आणि इसवी सन ६४५ मध्यें ६५७ ग्रंथ घेऊन परत गेला. नालंदा हें त्याच्या प्रवासाचें मुख्य स्थान. तेथें वृद्ध आचार्य शीलभद्र यांच्या चरणांपाशीं बसून योगाचार दर्शनाचा अभ्यास करावा ही त्याची मुख्य आकांक्षा. तथापि याची यादी फाहियानाहून सैल होती, आणि तेंच त्याचें भाग्य ठरलें. तो पूर्वकिनाऱ्यानें कांचीपर्यंत उतरला. तेथून सिंहलद्वीपास जावयाचें त्याचे मनांत होतें. परंतु तेथील राजा वारला असून दुष्काळ व बेबंदशाही माजली आहे, असें तिकडून आलेल्या भिक्षूंनीं सांगितल्यामुळें तो बेत त्यास सोडावा लागला. मग तो वायव्येकडे वळून महाराष्ट्रांत आला. या प्रांताविषयीं त्यानें जें लिहिलें आहे, तें प्रत्येक मराठी शाळेंत सांगितलें जातें: लोक उंच, साधे, मानी, उपकारकर्त्याशीं कृतज्ञ, अपमान करणाराशीं निष्ठुर, संकटांत सांपडलेल्यानें हांक मारली असतां देहभान विसरून धांवणारे, पण सूड घेण्यापूर्वीं शत्रूस आगाऊ सूचना देणारे. हर्षासारख्या चक्रवर्तीसहि हे लोक व त्यांचा राजा पुलकेशी वश झाले नाहींत, हेंहि त्यानें नमूद केलें आहे. प्रांताच्या पूर्व सीमेवरील ज्या डोंगरी विहाराचें वर्णन त्यानें केलें आहे, तो अजिंठा असावा असें अभ्यासक मानतात. सिंहलद्वीपाचा बेत मोडल्यावर ह्युएनत्संग कांचीहून सरळ नालंदेस परतला असता, तर आपल्या पूर्वजांचें हें चित्र आपणांस मिळालें नसतें. मोडलेला बेतहि कधीं कधीं इतिहासावर उपकार करतो!

चौदाव्या शतकांतील इब्न बतूता याची तऱ्हा या दोघांहून वेगळी. तो टँजिअरचा राहणारा, १३२५ मध्यें मक्केच्या यात्रेस म्हणून बाहेर पडला आणि पाव शतकभर फिरत राहिला. एकदां तुडविलेली वाट शक्य तोंवर पुन्हां तुडवावयाची नाहीं, असा त्याचा नियम होता. १३३३ मध्यें तो सिंधु नदीवर येऊन पोंचला आणि महंमद तुघलकाच्या पदरीं दिल्लीचा काझी म्हणून कित्येक वर्षें राहिला. पुढें सुलतानाचा वकील म्हणून चीनकडे निघाला असतां धार, उज्जनी, दौलताबाद व नंदुरबार या मार्गानें तो खंबायतेकडे गेला. नंदुरबारास मराठ्यांची वस्ती असून ते कारागिरींत, वैद्यकींत व ज्योतिषांत निपुण आहेत, असें त्यानें लिहिलें आहे. या गृहस्थाची यादी अशी नव्हतीच. परंतु आपल्या धर्माचे व शरीयतीचे जाणते जेथें मान पावतात तेथें तो सहज खेंचला जाई. काझीस जेथें काम मिळेल, तेथें त्याचा मुक्काम! यादी नसलेल्या मनुष्याचीहि एक अदृश्य यादी असते, ती ही.

आतां या याद्यांचा एक दूरवर पोंचलेला परिणाम सांगतों. १८६१ मध्यें हिंदुस्थान सरकारनें अलेक्झांडर कनिंगहॅम यांस पुराणवस्तु-संशोधनाच्या कामावर नेमलें. कनिंगहॅमसाहेबांच्या हातीं ह्युएनत्संगाच्या ग्रंथाचें नुकतेंच झालेलें फ्रेंच भाषांतर होतें. त्या यात्रिकानें दिलेलीं अंतरें व दिशा जमवीत हिंवाळ्यामागून हिंवाळे ते उत्तर हिंदुस्थानांत हिंडले, आणि श्रावस्ती, कौशांबी अशीं नगरें त्यांनीं नकाशावर पुन्हां बसविलीं. बाराशें वर्षांपूर्वींच्या एका भिक्षूची यादी हातीं घेऊन एका इंग्रज सेनाधिकाऱ्यानें हा देश शोधावा, हा योग विलक्षण खरा. परंतु याच कनिंगहॅमसाहेबांनीं हडप्प्यासहि भेट दिली होती. तेथील प्राचीन विटा लाहोर-मुलतान लोहमार्गाची खडी म्हणून वाहून नेल्या जात होत्या, हें त्यांनीं नोंदविलें. बैलाची आकृति व अपरिचित अक्षरें असलेली एक मुद्राहि त्यांचे हातीं आली, आणि ती त्यांनीं १८७५ मध्यें प्रसिद्ध केली. पण त्या बैलास वशिंड नाहीं व अक्षरें हिंदी लिपींशीं जुळत नाहींत, तेव्हां ही वस्तु परदेशी असावी, असा त्यांनीं निर्णय दिला. पुढें १९२१ पासून दयाराम साहनी यांनीं हडप्प्यास व १९२२ पासून राखालदास बॅनर्जी यांनीं मोहेंजोदडोस खोदकाम केलें, आणि १९२४ मध्यें सर जॉन मार्शल यांनीं सिंधु संस्कृतीची वार्ता जगास दिली. कनिंगहॅम यांच्या विद्वत्तेस यांत कमीपणा येत नाहीं. ज्या गोष्टीला यादींत जागा नव्हती ती हातांत आली तरी ओळखूं आली नाहीं, एवढेंच यावरून शिकावयाचें.

मराठी वाचकांस अधिक जवळचें उदाहरण वरसईच्या विष्णुभट गोडसे यांचें. घरावरचें कर्ज फेडावें म्हणून १८५७ सालीं ते आपल्या चुलत्यांबरोबर निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार, तेथें दक्षिणा मिळेल, ही वार्ता कानीं आली होती. यादींत मथुरा आणि दक्षिणा या दोनच गोष्टी. महूच्या छावणीजवळ पोंचतात तों शिपायांच्या बंडाची बातमी. आणि तेथून पुढें यात्रा बाजूस राहून भटजी इतिहासाच्या वणव्यांत सांपडले. झांशीचा वेढा व कत्तल त्यांनीं डोळ्यांनीं पाहिली. काल्पीच्या वाटेवर एका विहिरीपाशीं धुळीनें माखलेली, तहानलेली राणी लक्ष्मीबाई त्यांनीं पाहिली. मिळविलेलें द्रव्य लुटलें गेलें. तथापि काशीसह मोठीं क्षेत्रें करून, गंगेची कावड वाहून आणून त्यांनीं आईबापांस स्नान घातलें. पुढें बऱ्याच वर्षांनीं त्यांनीं हा वृत्तांत लिहिला. चिंतामणराव वैद्य यांनीं तो आपल्या हातानें फेरफार करून १९०७ मध्यें 'माझा प्रवास' या नांवानें छापला, आणि मूळ संहिता दत्तो वामन पोतदार यांनीं १९६६ मध्यें प्रसिद्ध केली. भटजी जें पाहावयास गेले तो यज्ञ त्यांस दिसला नाहीं. जें दिसलें तें त्यांनीं न मागितलेलें होतें, आणि त्यामुळेंच तें पुस्तक अमर झालें.

आगगाडीनें या सर्व याद्यांची उलथापालथ केली. १८५३ च्या एप्रिलांत बोरीबंदर ते ठाणें ही पहिली गाडी धांवली आणि १८७० पर्यंत मुंबई व कलकत्ता हीं शहरें लोहमार्गानें जोडलीं गेलीं. ज्या काशीयात्रेपूर्वीं माणसें निरवानिरव करीत, ती यात्रा कांहीं दिवसांची झाली. परंतु गाडीनें जशा वाटा उघडल्या तशा मोडल्याहि. मार्गावरचीं गांवें वाढलीं, मार्गाबाहेरचीं गांवें मागें पडलीं. पूर्वीं वाटसरूस मधला सर्व मुलूख पायांखालून घालवावा लागे. आतां दोन ठिकाणांमधला देश हा खिडकीबाहेरचा देखावा झाला. हें ओळखूनच कीं काय, १९१५ मध्यें आफ्रिकेहून परतलेल्या गांधीजींस गोपाळराव गोखले यांनीं वर्षभर देश पाहा, जाहीर मतें देऊं नका, असा उपदेश केला. आणि गांधीजींनीं तिसऱ्या वर्गाचा डबा पत्करला. कोठें जावें यापेक्षां कोणांत बसून जावें, याला त्यांनीं अधिक महत्त्व दिलें, आणि ज्या देशाचें पुढें नेतृत्व करावयाचें होतें तो त्यांस त्या डब्यांत भेटला.

इतकें इतरांविषयीं लिहिल्यावर आमच्याहि एका यादीविषयीं लिहिणें प्राप्त आहे. पंचवीसएक वर्षांपूर्वीं आम्हीं उत्तरेची एक सहल आंखली. अठरा दिवस आणि आठ स्थळें. इतिहास शिकविण्याचा धंदा असल्यामुळें यादी करण्याचा अधिकार घरांत आपोआपच आमचेकडे आला होता. आमच्या मातुश्रींचें मागणें एकच होतें: काशी. तें आम्हीं मोठ्या कौतुकानें यादीच्या शेवटीं घातलें. कळस शेवटींच चढवावयाचा असतो, असें कांहींसें आम्ही बोलल्याचेंहि स्मरतें. फत्तेपूर शिक्रीस एक दिवस ठरविला होता, तेथें आम्हीं दोन दिवस काढले. अकबराच्या त्या ओसाड नगरींत आम्ही प्रत्येक कमानीचें माप मनांत घेत फिरत होतों, आणि मातुश्री सामानाजवळ सावलींत बसून होत्या. पुढें हरिद्वारास धाकट्या मुलास ताप भरला, तेथें तीन दिवस गेले, गाडीचें आरक्षण चुकलें आणि रजा संपली. परत फिरतांना मातुश्री एवढेंच म्हणाल्या, "राहूं दे रे, पुढल्या खेपेस जाऊं." पुढल्या वर्षीं त्यांस अर्धांगवायु झाला. काशी राहिली ती राहिलीच. हरिद्वारचें गंगाजल आम्हीं आणलें होतें व तें देवघरांत होतें. परंतु त्यांनीं जन्मभर जी इच्छा धरली होती ती काशीची. मुलाचें आजारपण कोणाच्या हातचें नव्हतें. शिक्रीचा दुसरा दिवस मात्र सर्वस्वीं आमच्या हातचा होता.

तेव्हांपासून गोडसे भटजींची कावड आम्ही वर्गांत शिकवूं लागलों म्हणजे आवाज किंचित् खालीं येतो. सर्व लुटलें गेलें असतां ज्या मनुष्यानें आपल्या यादींतली एक गोष्ट आईबापांसाठीं राखली, त्याच्यापुढें आमची पुस्तकी यादी फार हलकी ठरते.

वाचकांस उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस नाहीं; परंतु या याद्या चाळतांना जें हातीं लागलें तें सांगावयास हरकत नसावी. पहिलें असें कीं, एखादा प्रश्न मनांत घेऊन निघावें. फाहियान व ह्युएनत्संग यांच्या पायांत जें बळ होतें तें त्यांच्या प्रश्नाचें होतें. केवळ दहाजण जातात म्हणून गेलेला मनुष्य दहाजणांनीं पाहिलें तेंच पाहून येतो. दुसरें असें कीं, यादींत थोडी मोकळी जागा ठेवावी. ह्युएनत्संगास महाराष्ट्र त्या मोकळ्या जागेंत भेटला. कनिंगहॅम यांच्या यादींत ती नसल्यामुळें हडप्पा निसटलें. तिसरें, न पाहिलेल्याचीहि नोंद ठेवावी. दिल्ली, आग्रा व जयपूर पाहून "हिंदुस्थान पाहिला" असें म्हणणारा मनुष्य ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यास, छत्तीसगडच्या अरण्यास, तंजावरच्या शेतीस देशाबाहेर टाकतो. आणि अशा बोलण्यानेंच हळूहळू देशाचे कांहीं भाग उरलेल्या देशास परके होतात. आम्हीं तेथें गेलों नाहीं, आम्हांस तेथील कांहीं ठाऊक नाहीं, असें फाहियानासारखें स्पष्ट म्हणणें हा अज्ञानावरचा निम्मा उपाय आहे.

आणि चौथें, जें आम्ही उशिरां शिकलों: ज्याच्या वाट्याला पुढल्या खेपा कमी आहेत, त्याचें ठिकाण यादींत पहिलें घालावें. शिक्री साडेचारशें वर्षें उभी आहे. ती आणखी दोन वर्षें थांबली असती.

यंदाहि आमच्या घरीं नकाशा पसरला गेला आहे. मुलें मोठीं झालीं आहेत, त्यांनीं ईशान्येकडील प्रांतांचा बेत केला आहे. आम्हीं तेथें कधीं पाऊल ठेवलेलें नाहीं, तेव्हां आमची संमति आहे. फक्त यादी लिहिण्यापूर्वीं, कोपऱ्यांत बसलेल्या आमच्या वृद्ध मावशींस त्यांच्या मनांत कोठें जावयाचें आहे तें आम्हीं प्रथम विचारलें. त्यांनीं अंमळ विचार करून कोंकणांतील आपल्या माहेरच्या गांवाचें नांव सांगितलें. तें येथून एका दिवसाच्या वाटेवर आहे. ईशान्येची सहल त्यानंतर निघेल.